पदरचं वाक्य

शुक्रवारी दुपारी अमोलचा फोन आला, तेव्हा सुधाकर ओहोळ नुकतेच जेवायला बसले होते. आमटीभात कालवून पहिला घास उचलायचा, तेवढ्यात मोबाइल वाजला आणि पलीकडून कोणीतरी नमस्कार-चमत्कार न करता थेट बोलायला लागलं.

"सुधाकर ओहोळ ना? मी अमोल. वॉर्डातले ज्ञानोबा, आष्टीचे, त्यांचा पुतण्या. काकूंकडून तुमचा नंबर घेतला."

"हां हां, बोल बाळा."

"आज सकाळी मी डॉक्टर मॅडमना स्वतः भेटलो. त्या म्हणाल्या, काका बरे होतील असं मी कधीच म्हटलेलं नाही."

सुधाकररावांनी घास ताटात ठेवला. अमोलचा आवाज चढला नव्हता, आणि त्याचीच त्यांना जास्त धास्ती वाटली.

"बुधवारी तुम्हीच सांगत होतात ना त्यांचं हिंदी मराठीत? मग बरे व्हाल हे कोण म्हणालं? त्या भरवशावर काकांनी गावाकडे फोन करून त्यांच्या मुलीचं, वैभवीचं, लग्न पुढे ढकललंय. चौदा डिसेंबरचं होतं. आता मेमध्ये करू म्हणतात, मी ठणठणीत होऊन येतो म्हणतात. मॅडम म्हणाल्या, जानेवारी दिसला तरी खूप."

"तू सांगितलंस त्यांना?"

"नाही. ते तुम्ही सांगायचं. सोमवारी डिस्चार्ज आहे. त्याच्या आत आला नाहीत, तर लेखी कम्प्लेंट देणार मी. धर्मप्रचारासाठी पेशंटला खोटं सांगतात म्हणून. तीन वर्षं करोल बागेत खोली घेऊन स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतोय मी, अर्ज कसा लिहायचा ते मला शिकवायला नको."

फोन बंद झाला. सुधाकररावांनी ताट झाकून ठेवलं आणि ते उगाचच गॅलरीत जाऊन उभे राहिले. आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरांवर नोव्हेंबरचा धूर बसला होता, समोरची पाण्याची टाकीही धड दिसत नव्हती. एकीकडे त्यांना वाटत होतं, पोरगं धमकी देतंय. दुसरीकडे पक्कं ठाऊक होतं, की पोराचा एक शब्दही खोटा नाही.

आता हे प्रकरण नीट समजायचं, तर सुनीतीबाईंपासून सुरुवात करायला हवी. सुधाकररावांची ही बायको मूळची राहुरीची, बोलायला फटकळ, आणि विश्वासाच्या बाबतीत भीडभाड म्हणून नाही. दिल्लीतल्या मोठ्या सरकारी इस्पितळात महाराष्ट्रातून येणाऱ्या गरीब पेशंटांना हिंदी कळत नाही, म्हणून दर बुधवारी त्या तिथे जायच्या. अर्ज भरून द्यायच्या, डॉक्टरांचं बोलणं मराठीत सांगायच्या, आणि ते सगळं झालं, की स्टूल ओढून बसायच्या. "मी ख्रिस्ती आहे. तुमची हरकत नसेल तर दोन शब्द सांगते, नसेल ऐकायचं तर नुसती गप्पा मारते," असं सरळ विचारायच्या. काही लोक नको म्हणायचे, मग त्या खरंच पावसापाण्याच्या गप्पा मारायच्या. पाच वर्षं हे चाललं आणि त्या पाच वर्षांत सुधाकररावांचं काम एकच होतं, चहाचा थर्मास धरणं.

सुनीतीबाईंचा एक नियम होता. डॉक्टरांचं बोलणं सांगताना आपल्या पदरचं काही घालायचं नाही. गोड असो, कडू असो, जसं आलं तसं पोचवायचं. "पोस्टमन पत्रात ओळी लिहितो का?" असं त्या विचारायच्या.

चार वर्षांपूर्वी आजारपणात त्या गेल्या आणि थर्मास सुधाकररावांकडेच राहिला. ते एकटे जायला लागले. अर्ज भरायचे, दुभाषाचं काम करायचे, चहा पाजायचे. आणि पुढचं ते सांगणं? ते पुढच्या बुधवारी. आज पेशंटला ताप आहे, आज शेजारच्या खाटेवरचा माणूस टक लावून बघतोय, आज नर्स घाईत आहे. अशी दोनशे बुधवारांची कारणं त्यांच्यापाशी होती. चार वर्षांत या माणसाने कुणाही पेशंटपुढे प्रभूचं नाव काढलं नव्हतं. आणि गंमत बघा, दिल्लीतली मराठी ख्रिस्ती मंडळी महिन्याच्या उपासनेत दर वेळी ‘सुधाकरकाकांच्या सुवार्ताकार्यासाठी’ देवाचे आभार मानत होती. काका डोळे मिटून बसायचे. प्रार्थनेत डोळे मिटायचे असतात हे किती सोयीचं आहे, हे त्यांच्याइतकं कुणाला कळलं नसेल.

आणि मग हा बुधवार आला. अमोलची त्या दिवशी क्लासची टेस्ट होती, म्हणून काका-काकूंजवळ कोणी नव्हतं. डॉक्टरबाई खाटेपाशी आल्या, फाइल चाळली आणि शांतपणे म्हणाल्या, "देखिए, बीमारी लिवर में फैल चुकी है। अब कीमो से फ़ायदा नहीं, तकलीफ़ ही बढ़ेगी। पेट का पानी निकाल देंगे, दर्द की दवा देंगे। घर ले जाइए, जो मन करे खिलाइए। महीना, डेढ़ महीना।" मग सुधाकररावांकडे वळून म्हणाल्या, "आराम से समझा दीजिए।"

सुधाकररावांनी सुरुवात शेवटाकडून केली, तिथेच घसरले. पोटातलं पाणी काढणार, दुखण्यावर औषध देणार, घरी जायचं, आवडेल ते खायचं. इतकं बरोबर सांगितलं. ज्ञानोबांनी त्यांचा हात धरला आणि विचारलं, "म्हंजी बरा व्हनार न्हवं मी? डागदरीन काय म्हनली?" शेवंताबाई पदराचं टोक तोंडाशी धरून उभ्या होत्या. आणि सुधाकररावांच्या तोंडून निघून गेलं, "डॉक्टर म्हणतात, प्रभू येशूवर भरवसा ठेवा. तो तुम्हाला बरं करील. थोडा वेळ लागेल, इतकंच."

ज्ञानोबा हसले. पेशंट हसतोय, म्हणजे माणूस धीराचा आहे असं समजून डॉक्टरबाईंनीही मान हलवली आणि त्या पुढच्या खाटेकडे गेल्या. सुधाकरराव त्या दिवशी बसमधून घरी आले ते चक्क आनंदात. चार वर्षांनी का होईना, प्रभूचं नाव घेतलं. मनात एक बारीक खडा टोचत होता, पण त्यांनी त्याकडे बघितलं नाही.

आता, शुक्रवारी, त्या खड्याकडे बघावंच लागलं.

संध्याकाळी अश्लेषा ऑफिसमधून आली. ही त्यांची एकुलती एक मुलगी केंद्राच्या एका मंत्रालयात नोकरीला, क्वार्टर तिच्याच नावावर. वडिलांचं न खाल्लेलं ताट तिने पाहिलं आणि बॅग खांद्यावरून न उतरवताच विचारलं, "काय झालं?" त्यांनी सगळं सांगितलं, काहीही न लपवता. ती खुर्चीत बसली.

"बाबा, तुम्ही आता तिथे जायचं नाही. बिल्कुल नाही. आजकाल कोण कुठे व्हिडिओ काढेल सांगता येत नाही. तो मुलगा मोबाइल घेऊन उभा राहील, तुम्ही कबूल कराल, आणि रात्रीपर्यंत सगळ्या दिल्लीत फिरेल ते. माझ्या ऑफिसात काय सांगू मी?"

"आणि त्या मुलीचं लग्न?"

"पुतण्या सांगेल ना त्यांना. तो घरचा आहे. आणि डिस्चार्ज पेपरवर सगळं लिहिलेलं असतं."

यात तथ्य होतं. शनिवारी सुधाकरराव हेच तथ्य दिवसभर चघळत बसले. अमोल सांगेलच. आपण कोण लागून गेलो? चार वाजता भेटीची वेळ सुरू झाली, तेव्हा त्यांनी बूट घातले. साडेचारला काढले. पाच वाजता परत घातले आणि सोफ्यावर बसून राहिले. सहाला भेटीची वेळ संपली, तेव्हा त्यांना सुटल्यासारखं वाटलं, आणि सुटल्यासारखं वाटलं म्हणून स्वतःची शिसारी आली. कम्प्लेंटची भीती होतीच, पण त्याहून मोठी भीती ज्ञानोबांच्या चेहऱ्याची होती. ते हसू आता आपल्याच हातांनी पुसायचं होतं.

रविवारी मंडळीची उपासना करोल बागेत दत्तात्रय साळव्यांकडे होती, अश्लेषाही बरोबर होती. बारा-पंधरा माणसं, सतरंजी, पेटी, आणि आतून पुलावाचा वास. गाणी झाली, बायबलमधलं वचन वाचून झालं, आणि मग साक्ष देण्याची वेळ आली. ही आपल्या मंडळींची जुनी रीत, महिन्याभरात देवाने काय केलं ते एकेकाने उभं राहून सांगायचं. दोघांनी सांगितलं. मग दत्तात्रय म्हणाले, "सुधाकरकाका, इस्पितळाची काही साक्ष? आम्हालाही जरा धीर येईल. आमच्यापैकी कुणाची हिंमत होत नाही, तुमच्याकडे बघून वाटतं, करावं काहीतरी."

सगळे कौतुकाने बघत होते. सुधाकरराव उभे राहिले. तोंड उघडलं. आणि त्यांना कळलं, की आत्ता जर काही गोड बोललो, तर बुधवारी जे एकदा केलं तेच परत होणार.

"माझ्याजवळ साक्ष नाही," ते म्हणाले. "चार वर्षांत मी तिथे कुणाला काही सांगितलेलं नाही. एकदाच बोललो, तेही डॉक्टरांच्या नावावर खपवलं. खोटं होतं ते. मला जाऊ द्या, चारच्या आत पोचायचंय."

ते चपला शोधत बाहेर आले. जिन्यात त्यांना मागे पावलं ऐकू आली, ती अश्लेषाची होती. ती रागावलेली होती आणि रडलेलीही होती.

"मी येते बरोबर," ती म्हणाली. "पण आत नाही येणार. बाहेर थांबेन."

"तुझ्या ऑफिसचं..."

"बाबा प्लीज, आता चला. ऑटो थांबवते."

ऑटो इस्पितळाकडे निघाली. सुधाकररावांनी मनातल्या मनात वाक्यं जुळवली. आधी माफी मागावी, की आधी डॉक्टरांचं सांगावं? ‘गैरसमज झाला’ म्हणावं का? गैरसमज हा शब्द सुधाकररावांना फार आवडला, दोन सिग्नल त्यांनी तो जिभेवर घोळवला, आणि तिसऱ्या सिग्नलला सोडून दिला. गैरसमज कुणाचाच झाला नव्हता.

अश्लेषा वॉर्डाच्या दाराबाहेर थांबली, ते आत शिरले. ज्ञानोबा उशाला टेकून बसले होते, पोटातलं पाणी काढल्यामुळे चेहरा जरा मोकळा दिसत होता. शेवंताबाई संत्रं सोलून देत होत्या. खिडकीपाशी अमोल उभा होता, पंचविशीचा, दाढी वाढलेली, हातात मोबाइल. सुधाकररावांची नजर आधी त्या मोबाइलवरच गेली.

"या पाव्हणं," ज्ञानोबा म्हणाले. "तुमचीच वाट बघत व्हतो. ऐकलं का, पोरीचं लगीन आता मे म्हैन्यात धरलंय. आंब्याचा सीझन. आमरसाची पंगत घालतो का न्हाई बघा. तुमी यायाचं."

सुधाकरराव खाटेच्या दांडीला धरून उभे राहिले. आताच बोललो नाही, तर परत बोलणं व्हायचं नाही, इतकं त्यांना समजलं.

"ज्ञानोबा, बुधवारी मी तुम्हाला खोटं सांगितलं. बरे व्हाल असं डॉक्टर म्हणाल्या नव्हत्या. ते मी म्हणालो. माझ्या पदरचं."

शेवंताबाईंचा हात थांबला. ज्ञानोबांनी अमोलकडे पाहिलं. अमोलने मान खाली घातली, आणि त्या मानेवरून त्यांना उरलेलं सगळं कळलं असावं.

"मंग डागदरीन काय म्हनली व्हती?" त्यांनी विचारलं. "शबूद-शबूद सांगा. आता कमी-जास्ती करू नका."

सुधाकररावांनी सांगितलं. आजार लिव्हरमध्ये पसरलाय. कीमोने आता फायदा नाही, त्रासच वाढेल. पाणी काढू, दुखण्यावर औषध देऊ. घरी न्या, आवडेल ते खाऊ घाला. महिना, दीड महिना. वाक्यामागून वाक्य, काही न गाळता, काही न जोडता. सांगणं चोख झालं.

शेवंताबाई पहिल्यांदा बोलल्या. त्या ओरडल्या नाहीत. "चार दिस मी पोटभर जेवले," त्या म्हणाल्या. "धर्मशाळेतल्या बायांना सांगितलं, आमचं मानूस वाचलं. काल हसले बी. आता त्येची मला लाज वाटती." त्यांनी सोललेलं संत्रं कागदात गुंडाळून ठेवलं आणि त्या तोंड फिरवून बसल्या. सुधाकररावांना वाटलं, हिने चारचौघांत थोबाडीत दिली असती तर बरं झालं असतं.

ज्ञानोबांनी डोळे मिटले होते. तसेच ते म्हणाले, "आमोल, गावाला फोन लाव. म्हनावं चौदा तारीख पक्की. मांडव न्हाई मिळाला तर दारात करा, पन तारीख मोडायची न्हाई."

अमोल फोन लावत दाराकडे गेला. जाताना सुधाकररावांच्या शेजारी थांबला, काहीतरी बोलणार होता, पण पलीकडून कोणीतरी फोन उचलला आणि तो ‘हॅलो, वैभवी’ म्हणत व्हरांड्यात निघून गेला.

काम झालं होतं. आता इथे थांबण्याचा आपल्याला हक्क नाही, असं सुधाकररावांना वाटलं. हे इस्पितळही संपलं, हे बुधवारही संपले, सुनीतीने उभं केलेलं आपण आपल्या हाताने बुडवलं. त्यांनी हात जोडले. "जमलं तर माफ करा," म्हणाले आणि वळले.

"बसा," ज्ञानोबा म्हणाले.

"नको. तुम्हाला आराम..."

"बसा म्हनतो न्हवं. एक इचारायचं ऱ्हायलं. ते तुमच्या प्रभूचं म्हनलात त्या दिशी, ते बी डागदरीन म्हनली न्हवती ना?"

"नाही. तेही मीच."

"मंग तिच्या तोंडी कामून घातलं?"

सुधाकररावांना उत्तर ठाऊक होतं. चार वर्षं ठाऊक होतं. "भीती वाटली," ते म्हणाले. "माझं म्हणून सांगायची भीती वाटली. तुम्ही नको म्हणाल, कोणी हसेल, कोणी तक्रार करील. डॉक्टरांचं म्हणून सांगितलं की कोणी काही म्हणत नाही."

ज्ञानोबांनी मान हलवली. त्यांना राग आला होता की नाही, कळायला मार्ग नव्हता. दम लागत होता, त्यामुळे ते सावकाश बोलत होते.

"म्या माळकरी हाय. माळ काय मी सोडनार न्हाई, ते आधीच सांगून ठिवतो. पन आज तुमी तुमच्या तोंडानं एक कडू सांगितलंत. ज्यानं एवढं कडू सांगितलं, त्येचं दुसरं बी ऐकावं वाटतंय. आता मी बरा व्हनार न्हाई, ते झालं. तुमच्या द्येवापाशी बरं न व्हनाऱ्या मान्साला सांगन्याजोगं काय हाय का? नसंल तर तसं सांगा."

सुधाकरराव मघाशी कबुली देतानाही इतके घाबरले नव्हते. शेवंताबाईंनी तोंड वळवून त्यांच्याकडे पाहिलं. अमोल फोन संपवून दारात येऊन उभा राहिला होता आणि ऐकत होता. समोरच्या खाटेवरच्या दोघांनीही इकडे माना वळवल्या होत्या. ‘तो तुम्हाला बरं करील’ हे वाक्य आता उपयोगाचं नव्हतं, आणि सुधाकररावांना धक्काच बसला, की इतकी वर्षं पाठ करून ठेवलेल्या सगळ्या वाक्यांत बरं होण्याशिवाय दुसरं काही नव्हतंच. आणि तरी सांगण्यासारखं होतं. सुनीतीच्या शेवटच्या महिन्यात बरं न होताही प्रभू सोबत होता, हे त्या दोघांनीही पाहिलं होतं, फक्त ते कुणाला कधी सांगितलं नव्हतं.

"आहे," ते म्हणाले. "पण मला नीट बोलता येत नाही. ते सगळं माझी बायको बोलायची."

"मला बी लई येळ न्हाई," ज्ञानोबा म्हणाले. "येतंय तसं बोला."

सुधाकरराव खाटेच्या कडेला बसले. "माझी बायको बरी झाली नाही," त्यांनी सुरुवात केली, आणि शेवंताबाई जरा पुढे सरकून बसल्या.